बायोडिझेलवर आठ महिने: इंजिनापेक्षा नळ्यांनीच जास्त काम काढलं

गाडी जुनी, यांत्रिक पंपाची, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेली. हे आधीच सांगतोय, कारण पुढचं सगळं अशाच गाडीला लागू पडतं. इंजिन उघडावं लागेल अशी मनाची तयारी होती, पण तशी वेळच आली नाही. काम निघालं ते टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर.

बायोडिझेल म्हणजे वनस्पती तेलावर प्रक्रिया करून बनवलेलं इंधन. सुरुवात बी२० ने, म्हणजे २० टक्के बायोडिझेलने केली आणि दोन टाक्यांनंतर बी१०० वर, म्हणजे निव्वळ बायोडिझेलवर गेलो. आठवडाभरात चढावर गाडी दम खायला लागली. पाय दाबला तरी ओढेना. इंधनाचा फिल्टर काढून कापला तर कागदाच्या घड्यांत काळा, चिकट गाळ. बोटाने पुसला तरी निघेना. बायोडिझेल जुना साका विरघळवतं. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला थर सुटतो आणि थेट फिल्टरवर येतो. दीड महिन्यात तीन फिल्टर गेले, चौथा अजून टिकून आहे. आधीच टाकी उतरवून धुतली असती तर हा त्रास वाचला असता. तुम्ही तेवढं नक्की करा, आणि एक जादा फिल्टर व पाना डिकीत ठेवा.

तिसऱ्या महिन्यात बॉनेट उघडलं की तळणाच्या तेलासारखा वास यायला लागला. पंपाजवळची रिटर्न नळी फुगली होती, दाबली की मऊ लागायची, क्लॅम्पखाली ओल. साधं रबर बायोडिझेलमध्ये टिकत नाही. सगळ्या नळ्या आणि पंपाची सीलं व्हायटॉनची, म्हणजे या इंधनात टिकणाऱ्या खास रबराची टाकली. पितळी जोडही काढले. तांबं-पितळ लागलं की हे इंधन लवकर खराब होतं.

ॲव्हरेज १८ वरून साडेसोळावर आलं. लिटरमागे ऊर्जाच साधारण ८ टक्के कमी असते, त्यामुळे याची तक्रार नाही. आयडलिंगचा खडखडाट मात्र स्पष्ट कमी झाला आणि धूर जवळपास दिसत नाही. ही शांत गाडी चालवताना मला खरंच आनंद होतो.

इंधनाची परीक्षा मी दर वेळी करतो. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून हलवायचं. तळाशी तेल साचलं तर प्रक्रिया अर्धवट झालेली आहे, ते इंधन विकणाऱ्याला परत द्यायचं. मिथेनॉल विषारी आहे. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

थंडीत सकाळी कॅनमध्ये गढूळ ढग दिसले. तेव्हापासून गारठ्यात निम्मं डिझेल मिसळतो. कोणत्या तेलापासून बनवलंय यावर हे अवलंबून असतं. पामचं लवकर गोठतं, मोहरीवर्गातलं उशिरा.

डीपीएफवाल्यांनी बी१०० च्या वाटेला जाऊ नये. डीपीएफमधली काजळी जाळून तो साफ करताना जादा फवारलेलं इंधन इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि बायोडिझेल तिथून डिझेलइतकं सहज उडून जात नाही. माझ्या गाडीला ती अडचण नाही, तरी मी ऑइल निम्म्या अंतरावरच बदलतो.