पिनटॉप कसायचा की मोल्डेड कॉर्ड आणायची?

इस्त्रीची नाहीतर मिक्सरची वायर प्लगापाशी तुटली की दुकानदार काउंटरवर दोन गोष्टी ठेवतो: स्क्रूचा थ्री-पिन टॉप, आणि प्लगसकट येणारी मोल्डेड कॉर्ड. नेरूळच्या आमच्या घरात दोन्ही नांदतायत. तेव्हा खाली जे आहे ते वापरून झालेलं मत आहे, मोजमाप घेतलेलं नाही.

पिनटॉपसारखा सरळ प्राणी नाही. झाकण उघडलं की कुठला स्क्रू सैल झालाय, कुठली पिन काळवंडलीय, सगळं समोर दिसतं. वायर हवी तेवढी लांब आणि हवी तेवढी जाड घेता येते. आमचा साठवणीचा गिझर २००० वॉटचा, म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. त्याला सोळा अँपिअरचा टॉप आणि दीड चौरस मिलिमीटरची तीन कोअर वायर लावलीय, प्लग कोमटसुद्धा होत नाही. ३००० वॉटचा इन्स्टंट असता तर तेरा अँपिअर झाले असते. तिथे मी अडीचची घेतली असती, मग झाकण बसवताना घाम का निघेना. तारांची टोकं पीळ देऊन, दुमडून स्क्रूखाली घालतो. त्यावर सोल्डरिंगचं शिसं लावू नका. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू दबत जातं आणि जोड सैल पडतो.

आता माझं दुखणं. आईला इस्त्री बंद करायची म्हणजे वायर धरून प्लग ओढायची सवय. एके दिवशी म्हणाली, "अरे, हिला हात लावला की मुंग्या येतात." टॉप उघडला तर हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर आत मोकळी लोंबत होती. इस्त्री मात्र नेहमीसारखी तापत होती, कारण तापायला फेज आणि न्यूट्रल पुरतात. अर्थिंग गेलेलं कुणाला कळत नाही, हीच त्यातली गोम.

चूक माझीच होती. तिन्ही वायरी मी एका मापात कापल्या होत्या. अर्थिंगची पिन टॉपच्या डोक्याशी, वायर शिरते त्या तोंडापासून सगळ्यात लांब. साहजिकच हिरवी ताणलेली राहिली आणि पहिला हिसका तिनेच खाल्ला. ती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब ठेवायची, म्हणजे निसटलीच तर सगळ्यांच्या शेवटी निसटेल. तेव्हा आमच्या मेन स्विचच्या पेटीत आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विचही नव्हता. ३० मिलिअँपिअरचा नंतर बसवून घेतला.

हिरवी लांब ठेवली तरी तो हिसका जोडापर्यंत पोचतोच का? कारण टॉपच्या तोंडाशी असते ती दोन बारीक स्क्रूंची पट्टी. तिनं वायरीचं बाहेरचं आवरण पकडायचं असतं. इस्त्रीची सुती विणीची वायर मऊ, पट्टीखालून सरकते. जास्त कसावं तर प्लास्टिकचे आटे जातात. मी खाली टेप गुंडाळून पाहिली, टॉप बदलून पाहिला. तीनदा तेच. कदाचित माझाच हात जड असेल, पण शेवटी याच पट्टीनं निकाल लावला.

मोल्डेड कॉर्डमध्ये पट्टीच नाही. तारा पिनांना दाबून बसवलेल्या आणि वर प्लास्टिक ओतलेलं, त्यामुळे ओढ आवरण झेलतं. तोटे आहेतच. आत काय चाललंय ते दिसत नाही, मानेपाशी तुटली तर सगळी कॉर्ड भंगारात, आणि दुसरं टोक इस्त्रीच्या पोटात आपल्यालाच जोडायचं. स्वस्तातल्या काहींना पिना तीन आणि आत वायरी दोनच असतात. म्हणून आयएसआयची खूण बघतो, आणि जोडून झाल्यावर प्लग बोर्डात घालण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवतो: एक टोक जाड, लांब पिनेला, दुसरं इस्त्रीच्या तव्याला. बीप आला नाही तर कॉर्ड परत. इस्त्रीसाठी सुती विणीचीच मागा. नुसत्या पीव्हीसीचं आवरण गरम तव्याला टेकलं की वितळतं.

तर ज्याची वायर रोज हलते, ओढली जाते, त्याला मी मोल्डेडच लावतो. गिझर भिंतीवरचा, त्याला कुणी हिसका देत नाही, त्याचा पिनटॉप आहे तसा राहू दिलाय. तुमच्याकडे वायर ओढणारं कुणी नसेल तर पिनटॉपनंही छान भागेल. आमच्याकडे ते भाग्य नाही. गिझरच्या टॉपवर मार्करनं तारीख लिहून ठेवतो, दर गणपतीत उघडून स्क्रू कसतो. आत्ता पाहिलं तर तिथं गेल्याच्या गेल्या वर्षीची तारीख आहे.