वर्षाची ज्वारी भरायची का रेशन अन् महिन्याच्या किराण्यावर चालवायचं?

आम्ही दोन्ही करून बघितलंय. देशाची अन्नसुरक्षा वेगळी आणि घरातली वेगळी, हे त्यात नीट कळलं.

रेशनची बाजू आधी सांगतो कारण ती हलकी नाहीच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयला (सगळ्यात गरीब घरांचं कार्ड) घरटी ३५ किलो, आणि २०२३ पासून तेही फुकट. ज्याच्या हातावर पोट आहे त्यानं हे एक महिनाही सोडू नये. १९७२ च्या दुष्काळातली मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (वाटलेला पौष्टिक खाऊ) ज्यांनी खाल्ली त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, दुकानात धान्य पडलेलं असणं म्हंजे काय असतं. पण तिथं मिळतो मुख्यतः गहू-तांदूळ, ज्वारी आली तर अधूनमधून, आणि आपल्याकडं रात्री भाकरी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही.

मग ज्वारी किराण्यातून महिन्याला आणायची, आणि माझं गाडं तिथंच अडलं. दर महिन्याला माल वेगळा, कधी मालदांडीत (भाकरीची चांगली रब्बी ज्वारी) हायब्रीड मिसळलेली, कधी दळून ठेवलेलं जुनं पीठ. पिठाची विरी, म्हंजे चिकटपणा, गेलेली असली की भाकरी थापताना कडेनं चिरते, परातीतून उचलली की तुटते, तव्यावर टाकली तर फुगत नाही, कितीही गरम पाण्यात मळा. घरची बाई दिवसभर राबून आल्यावर रोज रात्री पिठाशी भांडत बसते हे मला बघवलं नाही. भावातला फरक मी सोसला असता, हे नाही.

आता मार्चमध्ये मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याकडून डायरेक्ट मालदांडी घेतो. तिथल्या ज्वारीला २०१६ ला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, पण आपण दाणा चावून बघावा, कडक तुटला पाहिजे. सकाळी चपाती, रात्री भाकरी असं धरलं तर आम्हा चौघांना दोन क्विंटल पुरते, आणि दळण आठवड्यापुरतंच.

त्रास आहे, नाही कसं म्हणू. एकदम पैसे लागतात, दोन पत्र्याच्या कोठ्यांना जागा लागते, भाड्याच्या एका खोलीत असाल तर मी आग्रह करणार नाही. कडक ऊन दाखवायचं, गार झाल्यावरच भरायचं, मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला. किडीसाठी सल्फासच्या गोळ्या मात्र राहत्या घरात अजिबात टाकू नका, त्यातून निघणारा वायू जीव घेतो, अशा बातम्या दरवर्षी येतात.

कार्ड असेल तर रेशन चालूच ठेवा, गहू-तांदूळ तिथनं, ज्वारी कोठीतनं, माझ्या मते तरी हेच बरं पडतं. सगळं एकदम जमत नसेल तर पहिल्या वर्षी एकच क्विंटल घ्या, पण घ्या मार्च-एप्रिललाच, पावसाळा लागल्यावर घेतलेली ज्वारी वाळवायला ऊन मिळत नाही.