गाडी लावताना तोंड भिंतीकडे की रस्त्याकडे?

जळगावचं गोलाणी मार्केट असो, धुळ्याचा आग्रा रोड असो की हायवेवरचं एखादं लग्नाचं लॉन, गाडी लावताना एक निर्णय दर वेळी करावा लागतो आणि बहुतेक जण तो न करताच गाडी लावून मोकळे होतात. सरळ आत घालायची, की रिव्हर्सने लावून तोंड बाहेर ठेवायचं? नव्याने चालवायला लागलेल्यांना हा प्रश्न फार छळतो, म्हणून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघतो. माझं मत आधीच सांगतो: जागा सरळ आखलेली असेल आणि जमीन पक्की असेल, तर रिव्हर्सने लावा. अपवाद आहेत, आणि ते नीट माहीत असणं तितकंच गरजेचं आहे.

रिव्हर्स कुणालाच चुकत नाही. येताना घ्या, नाहीतर जाताना घ्या. मग तो कधी घेतलेला बरा, एवढाच प्रश्न उरतो. येताना तुम्ही त्या रिकाम्या जागेसमोरून नुकतेच गेलेले असता. आत काय आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं: मागे भिंत, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, मध्ये कुणी नाही. जाताना चित्र उलटं असतं. मागून माणसं चालतात, मोटारसायकली जातात, एखादी हातगाडी जाते, आणि शेजारी उंच पिकअप लागलेली असली तर त्यातलं काहीच दिसत नाही. ड्रायव्हरची सीट गाडीच्या पुढच्या भागात. त्यामुळे मागची काच शेजारच्या गाडीच्या आडून बाहेर येईपर्यंत डिकी वाटेत बरीच पुढे गेलेली असते. तोंड बाहेर असेल तर बॉनेट थोडं बाहेर काढलं की दोन्हीकडचं दिसायला लागतं, आणि समोरच्यालाही तुम्ही दिसता. अपघात टाळण्याच्या दृष्टीने मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो.

दुसरा फरक वळणाचा. स्टिअरिंगने पुढची चाकं वळतात, मागची नुसती मागोमाग येतात. गाडी सरळ आत घालताना मागचं चाक आतून कापत येतं आणि शेजारच्या गाडीचा बंपर किंवा पिलर घासतो, म्हणून वळण मोठं घ्यावं लागतं. आपल्याकडच्या इमारतींत गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरतात, पण समोरची वाट मोकळी मिळेलच असं नाही. तिथे अर्ध्या वाटेत मोटारसायकली लागलेल्या असतात. अशा अरुंद वाटेत रिव्हर्सने गाडी कमी हेलपाट्यांत बसते. मागची चाकं आधी जागेत शिरतात आणि उरलेलं काम पुढची चाकं करतात. फक्त एक लक्षात ठेवा: त्या वेळी गाडीचं नाक समोरच्या बाजूला फिरतं. सगळं लक्ष मागे लागलेलं असतं आणि पुढचा कोपरा समोरच्या स्कुटीला लागतो.

सरळ आत घालण्याचा मोठा फायदा म्हणजे आल्या आल्या काम होतं. मागे कुणी खोळंबत नाही. खरं तर बहुतेक लोक रिव्हर्स टाळतात ते मागच्याच्या हॉर्नला घाबरून. यावर उपाय आहे. जागा दिसली की आधीच इंडिकेटर द्या, वेग कमी करा, जागेच्या थोडं पुढे जाऊन थांबा, रिव्हर्सचा पांढरा दिवा लागू द्या आणि मागचा थांबला याची खात्री झाल्यावरच गाडी मागे घ्या. आणि मागे आपण असू तेव्हा एका गाडीची जागा सोडून थांबा. हॉर्न वाजवला की समोरचा घाई करतो, घाईत त्याचा अंदाज चुकतो, आणि मग सगळ्यांनाच दुप्पट वेळ लागतो.

कॅमेरा आणि सेन्सर असताना काय फरक पडतो, असं नवे चालक विचारतात. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. भिंतीपाशी मागे जाताना ते फार उपयोगी पडतात. पण गाडी मागे काढत वाटेवर येताना आडवी जाणारी मोटारसायकल ते वेळेवर सांगत नाहीत; आडव्या रहदारीचा इशारा देणारी यंत्रणा महागड्या गाड्यांतच मिळते. सेन्सर बंपरच्या उंचीवर असतात, त्यामुळे जमिनीलगतचा दगड किंवा बारीक खांब सुटू शकतो. कॅमेऱ्यावर धूळ बसली, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ती बसतेच, की चित्र धुरकट. म्हणजे या दोन्ही सोयीसुद्धा रिव्हर्स आत घेतानाच जास्त कामाच्या.

‘येऊ द्या भाऊ, येऊ द्या, येऊ द्या… बस!’ म्हणत डिकीवर थाप मारणारा माणूस प्रत्येक पार्किंगमध्ये भेटतो. तो मदतच करत असतो, पण बऱ्याचदा उभा राहतो बरोबर गाडीच्या मागे, भिंत आणि डिकीच्या मध्ये. त्याला तिथून आधी बाजूला करा. सांगणाऱ्याने ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात पूर्ण दिसेल असं उभं राहावं. तो आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक दाबायचा. घरच्या कुणाला खाली उतरवून मागे पाहायला सांगता तेव्हाही हाच नियम.

आता तोंड आत ठेवणंच योग्य, अशा जागा. पहिली म्हणजे तिरक्या रेषांचं पार्किंग. तिथे रेषा येणाऱ्या रहदारीच्या दिशेनेच कललेल्या असतात. त्यात रिव्हर्सने गाडी घातली तर बाहेर निघताना तोंड उलट्या दिशेला येतं आणि समोरून येणाऱ्यांच्या अंगावर जावं लागतं. दुसरी म्हणजे डिकी भरायची असते ती. महिन्याचा किराणा किंवा लग्नाचा बस्ता घेऊन आलात आणि डिकी भिंतीला टेकलेली असली, तर पोती आणि खोकी दोन गाड्यांच्या फटीतून न्यावी लागतात. तिसरी कॉलनीतली: मागे कुणाची खिडकी किंवा ओटा असेल तर सायलेन्सर त्यांच्या तोंडाशी येतो. संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांवर धूर सोडण्यापेक्षा जाताना रिव्हर्सची तसदी आपण घ्यावी.

बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर दोन्ही पद्धती बाजूला ठेवा. ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला वळवावं त्याच्या उलट बाजूला ती जाते, आणि एका मर्यादेनंतर दुमडते. मुरलेला चालक नसेल तर पुढून शिरून पुढूनच निघता येईल अशी जागा शोधावी, मग दोन पावलं जास्त चालावं लागलं तरी चालेल.

आपल्या भागातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा काळ्या मातीचा आहे. श्रावणात मनुदेवीला किंवा चतुर्थीला पद्मालयाला निघालात, गर्दीमुळे गाडी शेताकडेच्या मोकळ्या जागेत लावावी लागली, आणि दर्शन होईपर्यंत सर येऊन गेली की माती चाकाला धरते. अशा वेळी आपल्या गाडीची कोणती चाकं ओढतात ते माहीत हवं. स्विफ्ट, आय-ट्वेंटी यांसारख्या बहुतेक छोट्या कार पुढच्या चाकांवर चालतात. त्या तोंड रस्त्याकडे करून लावल्या तर ओढणारी चाकं पक्क्या कडेजवळ राहतात आणि गाडी निघते. तोंड आत घालून लावलेली तीच कार जागच्या जागी चाकं फिरवत रुतत जाते. बोलेरो आणि ईको मात्र मागच्या चाकांवर चालतात. त्यांची मागची चाकं रस्त्याकडे ठेवलेली बरी, म्हणजे चिखलाच्या जागी बोलेरोवाल्याने तोंड आतच घालावं. पावसाचं चिन्ह असेल तेव्हा शेतात दहा फूट आत जाण्याचा मोह दोघांनीही टाळावा.

तोरणमाळसारख्या ठिकाणी चढ-उतार आला. तोंड चढाकडे असेल तर हँडब्रेकसोबत पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर, आणि चाकाला दगड. निघताना तो दगड आठवणीने बाजूला टाका, नाहीतर रात्री येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही. दरीच्या कडेला तोंडही नको आणि पाठही नको. डोंगराच्या बाजूला रस्त्याला समांतर लावा.

लग्नाच्या लॉनवर मी रिव्हर्सचा आग्रहच धरतो. येताना पाहुणे एकेक करून येतात, जेवणं आटोपली की निघतात मात्र सगळे एकदम. अंधार, डीजे, निरोप घेत गाड्यांच्या मधून फिरणारे लोक आणि त्यांच्या पायांत पळणारी मुलं. तीन-चार वर्षांचं पोर डिकीच्या काचेच्या खाली येतं. आरशात ते दिसत नाही आणि मागच्या काचेतूनही नाही. तोंड कुठेही असो, निघताना गाडीभोवती एक फेरी मारा, घरची सगळी मुलं आत बसल्याचं बघा, मगच इंजिन चालू करा.

एका गाडीच्या आड दुसरी लावून ‘न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक लावू नका, गरज पडली तर ढकलून घेऊ’ ही पद्धत बेसमेंटमध्ये सर्रास दिसते. सोय म्हणून लोक ती चालवून घेतात, पण मला ती मान्य नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी ड्रायव्हरशिवाय उभी गाडी चालकाच्या गैरहजेरीत हलणार नाही, अशा रीतीने तिचे ब्रेक लावलेले असले पाहिजेत. डोळ्यांना न जाणवणाऱ्या उतारावरसुद्धा टनभर वजनाची गाडी सुटते, आणि ढकलणाऱ्या माणसाला ती आतून थांबवता येत नाही. आड लावणं अगदीच टळत नसेल तर हँडब्रेक लावा आणि काचेवर फोन नंबर ठेवा. फोन आला की मात्र जेवण अर्धं टाकून जावं लागेल, ही तयारी हवी.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा दिशेचा आणखी एक विचार करावा लागतो. दुपारनंतर पश्चिमेकडे तोंड केलेल्या गाडीत स्टिअरिंगला हात लावता येत नाही. पुढच्या काचेला आडोसा लावा, किंवा जागा दोन्हीकडून सारखी असेल तर पाठ पश्चिमेला करा. आणि सावलीतसुद्धा ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवू नका. काचा बंद असताना आतलं तापमान थोड्याच वेळात बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं.

मोटारसायकलचा निर्णय सोपा आहे. तिला रिव्हर्स गिअर नसतो, म्हणून मागचं चाक भिंतीकडे आणि हँडल वाटेकडे. उतार भिंतीकडे जात असेल तर हे जास्तच पाळा, कारण तोंड खाली घालून लावलेली गाडी मागे चढवत ओढायला दोन माणसं लागतात. शेजारच्या गाडीत हँडल अडकणार नाही एवढं अंतर ठेवा आणि साइड स्टँड मऊ डांबरावर किंवा ओल्या मातीवर टेकवू नका. एक गाडी कलंडली की ओळीतल्या पुढच्या गाड्याही तिच्यासोबत आडव्या होतात.