‘कार्ड गेलं’ म्हणणाऱ्याला आधी मीटर लावायला सांगा

भुसावळ तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या दारावर वेळ आणि तापमान दाखवणारा लाल एलईडीचा बोर्ड आहे. एप्रिलात त्याची तीन दुखणी एकदम निघाली. आकडे मधूनच फिके पडून लुकलुकायचे, लाईट जाऊन आली की घड्याळ १२:०० वर जायचं आणि तापमानाच्या जागी अधूनमधून ८५ उमटायचं. कारागीर शिडीवर चढला आणि पाच मिनिटांत उतरला. "कार्ड गेलं साहेब, पूर्ण बदलावं लागेल." कार्ड म्हणजे आकडे चालवणारा सर्किट बोर्ड. त्याचे ९,२०० रुपये घेतले. जुनं कार्ड "कंपनीत जमा करावं लागतं" म्हणून पिशवीत टाकून नेलं, आणि बिल म्हणून वहीचं पान फाडून दिलं. अठरा दिवसांत तिन्ही दुखणी परत हजर.

मग पेटी नीट उघडून पाहिली तेव्हा सगळी लबाडी समोर आली. एसएमपीएस म्हणजे मेनच्या विजेतून बोर्डाला लागणारी कमी व्होल्टची डीसी वीज देणारा सप्लाय. त्याच्यावर आउटपुट कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू असतो. स्क्रूवरचा लाखेचा ठिपका, म्हणजे सील, फुटलेला होता आणि स्क्रू शेवटपर्यंत पिळलेला. हवेत ५ व्होल्ट; पण लोड (आकड्यांची जोडणी) काढल्यावर ५.७, लोडवर ४.३. आतल्या दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. म्हणजे मरायला टेकलेला सप्लाय तसाच ठेवून त्याला वरून ढकललं, म्हणून काही दिवस उजेड पडला. ‘नव्या’ कार्डाच्या सोल्डरभोवती हाताने डाग दिल्यावर उरतो तसा तपकिरी चिकट फ्लक्स होता, घड्याळाच्या सेलच्या खाचेत धूळ, आणि सेल १.९ व्होल्टचा. कार्ड जुनंच, कुठून तरी काढून आणलेलं.

खरं तर हा बोर्ड स्वतःच दुखणं सांगत होता. ११:११ ला तो ठणठणीत दिसायचा आणि ०८:०८ ला लुकलुकायचा. सेव्हन सेगमेंटमध्ये, म्हणजे सात पट्ट्यांनी बनणाऱ्या आकड्यांत, ११:११ ला आठ पट्ट्या पेटतात, ०८:०८ ला सव्वीस. लोड तिपटीहून जास्त झाला की जो बोर्ड मान टाकतो, त्याचा सप्लाय कमजोर असतो; कार्डाचा त्यात संबंध नाही. ८५ चंही तसंच. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर वीज मिळाल्याबरोबर, पहिलं मोजमाप होण्याआधी, ८५ हाच आकडा देतो. तो वारंवार दिसला तर सेन्सरचा पुरवठा झटके देतोय किंवा वायरचा जोड सैल आहे. घड्याळ १२:०० वर जाणं म्हणजे लाईट नसताना वेळ धरून ठेवणारा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपला. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. डीएस१३०७ या घड्याळाच्या आयसीला २ व्होल्टच्या खाली वेळ धरून ठेवता येत नाही.

म्हणून कारागीर आला की वेळ ०८:०८ लावायला सांगा आणि मीटर डीसी २० वर ठेवून समोर मोजायला लावा. आधी एसएमपीएसच्या टर्मिनलवर, मग सगळ्यात लांबच्या आकड्यापाशी. ५ व्होल्टचा बोर्ड असेल तर ४.८ ते ५.२ हवेत. टर्मिनलवर बरोबर आणि टोकाला कमी, तर वायर बारीक आहे किंवा जोड गंजलाय. एसएमपीएस स्वतः उघडू नका, मेन स्विच बंद केल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट राहू शकतात. पी१० मॉड्यूलचा, म्हणजे एलईडीचे तयार चौकोनी तुकडे एकापुढे एक जोडलेला, बोर्ड असेल आणि एका मॉड्यूलपासून पुढचे सगळे काळे पडले असतील, तर १६ पिनांची चपटी केबल किंवा ते मॉड्यूल तपासायचं. एकाच आकड्याची एकच पट्टी गेली असेल तर दोष त्या एलईडीत, वायरीत किंवा पट्ट्या पेटवणाऱ्या ड्रायव्हर आयसीत.

आपल्याकडे मे महिन्यात आणखी एक धंदा चालतो. बोर्ड ५१ दाखवतो, लोक हसतात, आणि "सेन्सर कॅलिब्रेट करतो" म्हणून पैसे घेतले जातात. सेन्सर बहुधा चांगलाच असतो, फक्त तापलेल्या पत्र्याला चिकटवलेला असतो. बारीक बर्फ आणि थोडं पाणी पेल्यात घेऊन प्रोब त्यात बुडवा. शून्याच्या अर्ध्या अंशात आला तर बदलायचं कारण नाही. पेटीपासून लांब, उत्तरेच्या बाजूला, जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, हवा खेळेल अशा पांढऱ्या झडपांच्या डबीत लावा.

पेटी तापली की साध्या क्रिस्टलचं घड्याळही मागे पडतं. आत ६० अंश असतील तर दिवसाला साडेतीन सेकंदांच्या आसपास. त्यासाठी तापमान सांभाळून घेणाऱ्या डीएस३२३१ या घड्याळाच्या आयसीचं मॉड्यूल बसवावं, कार्ड नव्हे.

कार्ड खरंच बदलायची वेळ आली तर काढलेलं कार्ड आपल्याच ताब्यात ठेवा, नव्याचा फोटो बसवण्याआधी काढा, बिलावर त्याचा नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. ‘जमा करावं लागतं’ म्हणणाऱ्याकडे तसं लेखी मागा. पतसंस्थेच्या बोर्डाला शेवटी नवा एसएमपीएस आणि सेल एवढंच लागलं, दोन्ही मिळून हजाराच्या आत. ०८:०८ ला आता टोकाच्या आकड्यावर ४.९ व्होल्ट येतात.