फुकट बस, पाच महिने आणि न मिळालेलं तिकीट

परवा दोन मिनिटांनी बस चुकली. जावयाने मोबाइलवरून टॅक्सी मागवली, घर ते युनियन स्टेशन, १९ डॉलर! याच अंतराला मी पाच महिने छदामही दिला नव्हता. चूक माझीच, निघताना दुसऱ्यांदा चहा घेतला. पण रात्रभर ते १९ डॉलर डोक्यात फिरत राहिले, म्हणून लिहूनच टाकतो.

मुक्काम मुलीकडे, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला. इथली शहर बस मार्च २०२० पासून मोफत आहे. फक्त ज्येष्ठांना नाही, सगळ्यांनाच. कोविडमध्ये ड्रायव्हरजवळ पैशांसाठी गर्दी नको म्हणून बंद केलेलं तिकीट परत सुरूच झालं नाही.

पहिल्या दिवशी मुठीत नाणी घेऊन चढलो. ड्रायव्हरने मानेनेच 'जा मागे' म्हटलं. बसलो खरा, पण चैन पडेना. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३१ वर्षं काढलेला माणूस मी. तिकीट नाही म्हणजे पावती नाही, पावती नाही म्हणजे खर्च पडला कुठल्या शीर्षाखाली, म्हणजे हिशोबाच्या कुठल्या खात्यात? आपल्या एसटीत पंचाहत्तरी पार केलेल्यांना फुकट आणि मला अर्धं तिकीट, पण मशीनमधून कागद निघतो. एसटीला सवलतीचे पैसे सरकारकडून परत मागायचे तर हिशोब नको? इथे काहीच हातात येत नाही.

मग खोदत बसलो. राज्याने दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर लावलाय. नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांनी मतदानाने मंजूर केला, २०२३ पासून लागू. पैसा शिक्षण आणि वाहतूक यांवरच खर्च करायचा. २०२५ च्या आर्थिक वर्षात प्रादेशिक बससेवांना त्यातून ११ कोटी डॉलर मिळाले, पैकी ३ कोटी मोफत प्रवासासाठी. शीर्ष सापडलं, जिवाला बरं वाटलं. तरी एक कागद दिला असता तर काय बिघडलं असतं?

२०२५ च्या जूनमध्ये माझं मत होतं, 'फुकट ते फुकटच, टिकायचं नाही.' राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि गव्हर्नर मोरा हीली यांनी नव्या बजेटवर सही केली थेट ४ जुलैला, सुट्टीच्या दिवशी. तोवर मी रोज बातम्या बघत होतो, जणू माझंच पेन्शन अडकलंय. बस फुकटच राहिली. माझं मत मागे घेतलं.

सौ.चा मुद्दा वेगळा. तिचे गुडघे गेलेत. थांब्यावर बस 'फुस्स' करून फुटपाथच्या बाजूला झुकते आणि पायरी खाली येते. पहिल्यांदा ती घाबरून मागे सरली, टायर गेला असं वाटलं तिला. आता बस झुकली की ती मागे वळून माझ्याकडे बघते, बसला आपणच वाकवलं अशा थाटात. परळच्या माहेरी बेस्टमध्ये चढताना काय हाल होतात ते तिला विचारा.

वाईट काय? वेळापत्रक पाठ पाहिजे. एक गेली की दुसरी लगेच येईल हा मुंबईचा भरवसा इथे ठेवू नका. रविवारी तर मुळीच नाही.

मी वहीत प्रत्येक फेरी मांडली. पूर्वी भाडं पावणेदोन डॉलर होतं. ११२ फेऱ्या, म्हणजे १९६ डॉलर वाचले. जावई म्हणाला, "बाबा, तिकीट असतं तर तुम्ही ११२ वेळा बसला असतात का?" बोलायची गरज नव्हती. पण खरं आहे, वीसेक वेळा गेलो असतो. उरलेल्या वेळा ग्रंथालय, कोथिंबिरीची एक जुडी, नाहीतर नुसतंच खिडकीशी बसायचं.

पुढच्या आठवड्यात परत निघतोय. वहीत व्हाउचर चिकटवायला शेवटी एकच मिळालं, त्या १९ डॉलरच्या टॅक्सीचं. तेही ईमेलवर आलं, प्रिंट मुलीने काढून दिली.