पी. डी. जेम्स की रूथ रेंडेल?

ब्रिटिश गुन्हेगारी कादंबरीत खून कोणी केला यापेक्षा तो का झाला आणि कोणत्या समाजात झाला, हे ज्याला वाचायचे आहे, त्याची निवड बहुधा या दोघींवर येऊन ठेपते. जेम्स यांची पहिली कादंबरी 1962ची, रेंडेल यांची 1964ची. पुढे जेम्स हुजूर पक्षाकडून आणि रेंडेल मजूर पक्षाकडून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेल्या. दोघी मैत्रिणी होत्या, तरी बाके समोरासमोरची होती आणि तो फरक कादंबऱ्यांतही जाणवतो, असे मला वाटते.

जेम्स यांचे बलस्थान म्हणजे संस्थांचे अंतरंग. त्यांनी रुग्णालय प्रशासनात आणि नंतर गृहखात्यात नोकरी केली होती. ‘श्राउड फॉर अ नाइटिंगेल’मध्ये (1971) परिचारिका विद्यालयात नळीवाटे अन्न देण्याचे प्रात्यक्षिक चालू असताना रुग्ण म्हणून झोपलेली विद्यार्थिनीच सर्वांदेखत दगावते. तिथली उतरंड आणि हेवेदावे इतक्या बारकाईने टिपणे रेंडेल यांना क्वचितच साधले असते.

मला खटकते ती एकच गोष्ट, पण ती पानोपानी खटकते. साक्षीदाराने तोंड उघडण्याआधी जेम्स त्याची खोली दाखवतात. पडदे, भिंतीवरची चित्रे, कपाटातली पुस्तके यांची मोजदाद होते आणि हळूहळू लक्षात येते की अभिरुचीवरून माणसाची प्रतवारी चालली आहे. ‘अ टेस्ट फॉर डेथ’मध्ये (1986) लंडनच्या पॅडिंग्टन भागातील चर्चमध्ये एका माजी मंत्र्याचे आणि एका बेघर भटक्याचे प्रेत शेजारी-शेजारी सापडते, पाने मात्र बहुतेक मंत्र्याच्या घराण्यालाच मिळतात. लेखिकेला हीच विषमता दाखवायची होती, असे कोणी म्हणेल. असेलही, पण मला तसे वाटले नाही.

रेंडेल यांच्या ‘अ जजमेंट इन स्टोन’चे (1977) पहिलेच वाक्य सांगून टाकते की युनिस पार्चमनने कव्हरडेल कुटुंबाला मारले, कारण तिला लिहितावाचता येत नव्हते. मालकीण कामाच्या सूचना चिठ्ठीवर लिहून ठेवते. तिच्या लेखी ती साधी सोय, युनिसच्या लेखी उघडे पडण्याची टांगती तलवार. ज्या पुस्तकांच्या कपाटावर जेम्स यांनी कौतुकाने नजर फिरवली असती, तेच इथे धास्तीचे कारण बनते. ‘सिमिसोला’मध्ये (1994) तर लेखिका स्वतःच्या नायकालाही सोडत नाही. सापडलेले कृष्णवर्णीय तरुणीचे प्रेत बेपत्ता डॉक्टरकन्येचेच असणार, असे हा नायक, पोलीस अधिकारी वेक्सफर्ड, गृहीत धरतो, आईवडिलांना ओळख पटवायला नेतो आणि ती भलतीच कोणी निघते. वेक्सफर्डच्या नंतरच्या काही कादंबऱ्यांत सामाजिक प्रश्न आधी ठरवून कथा बेतल्यासारखी वाटते, हे मात्र मान्य करायला हवे.

त्यामुळे सुरुवात 1977च्या कादंबरीपासून करावी आणि ती भावल्यास रेंडेल यांनी बार्बरा व्हाइन या नावाने लिहिलेल्या ‘अ डार्क-अडॅप्टेड आय’कडे (1986) वळावे. जेम्स यांचे एकच पुस्तक घ्यायचे असेल, तर परिचारिका विद्यालयाचे घ्यावे.