अँकी : महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षासाठी उजळणीचे साधन

शाळेत असताना विद्यार्थ्याच्या उजळणीचे वेळापत्रक शाळाच सांभाळत असते. आज शिकवलेल्या धड्यावर उद्या गृहपाठ असतो, महिन्याभराने चाचणी असते, सत्राअखेरीस परीक्षा असते आणि मधूनच एखादे शिक्षक मागच्या धड्यावरचा प्रश्न अचानक विचारतात. त्यामुळे तीच गोष्ट वाढत्या अंतराने चार-पाच वेळा नजरेखालून जाते आणि त्यासाठी आपण काही वेगळे केले असे विद्यार्थ्याला वाटतही नाही. महाविद्यालयात ही सगळी व्यवस्था एकाएकी नाहीशी होते. व्याख्यान होते, वाचनाची यादी हाती पडते आणि मग थेट सत्राच्या मध्यावर किंवा अखेरीस लक्षात काय राहिले ते विचारले जाते. शाळेत उत्तम गुण मिळवणारी मुले पहिल्या सत्रात गडबडतात तेव्हा बुद्धी कमी पडली असे क्वचितच घडलेले असते; आजवर आपोआप होणारी उजळणी आता आपणच करायची आहे, हे उमगेपर्यंत निम्मे सत्र उलटून गेलेले असते.

अँकी हे सॉफ्टवेअर नेमकी ही एक उणीव भरून काढते, आणि या परीक्षणात मी त्याचा विचार तेवढ्या कामापुरताच केला आहे. साधन उत्तम आहे आणि संगणकावर मोफत आहे. मात्र त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे हे न ठरवता ते हाती घेतले, तर महिन्याभरात त्याचेच ओझे होऊन बसते.

डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये सुरू केलेले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर, एवढाच त्याचा मूळ आराखडा आहे. प्रश्न पाहून उत्तर मनाशी आठवायचे, कार्ड उलटायचे आणि ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’, ‘ईझी’ या चार बटणांपैकी एक दाबायचे. ते कार्ड पुन्हा कधी समोर यावे, हे त्यावरून ठरते. सहज आठवलेले कार्ड आठवड्यांनी, पुढे महिन्यांनी येते. विसरलेले त्याच दिवशी परत येते.

या पद्धतीची मुळे जुनी आहेत. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, विसरण्याचा वेग मोजून, १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये उजळणीतील अंतर संगणकाकडून ठरवून घेण्याचे गणित मांडले, आणि त्याचीच सुधारित आवृत्ती अँकीत अनेक वर्षे वापरली गेली. २०२३ पासून त्यात एफएसआरएस नावाचा नवा पर्याय आला. तो आपल्याच उत्तरांच्या नोंदींवरून आपली विसरण्याची गती अंदाजतो आणि आठवण ठरलेल्या पातळीच्या खाली घसरण्याच्या सुमारास कार्ड समोर आणतो. ही पातळी मुळात ९० टक्के असते. उत्साहाच्या भरात ती ९७ किंवा ९८ करण्याचा मोह अनेकांना होतो; तसे केले की अंतरे आखडतात आणि रोजचे काम भलतेच वाढते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ९० ला हात लावू नये.

वही पुन्हा वाचून काढली तर काय बिघडले, असे विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगांत मिळते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना स्पष्टपणे मागे टाकले. गंमत अशी की हे आपल्या चांगले लक्षात राहील, हा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळख पटली म्हणजे येते असा समज होतो. हा समज शाळेत वारंवार होणाऱ्या चाचण्या मोडून काढतात, महाविद्यालयात तो थेट परीक्षेच्या दालनापर्यंत टिकू शकतो.

अँकीचा खरा कस कार्डे तयार करण्यात लागतो. अर्थशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात मागणीची लवचिकता शिकवली जाते. नवखा विद्यार्थी पुढच्या बाजूला ‘मागणीची लवचिकता स्पष्ट करा’ असे लिहितो आणि मागे वहीतला अख्खा परिच्छेद उतरवतो. हे कार्ड कुचकामी आहे, कारण उत्तर निम्मेच आठवले तर कोणते बटण दाबावे हे कळत नाही आणि दोन-तीनदा असे झाल्यावर विद्यार्थी स्वतःशी तडजोड करून ‘गुड’ दाबू लागतो. त्याच परिच्छेदाची चार लहान कार्डे होऊ शकतात. एकावर फक्त व्याख्या : किंमत एक टक्क्याने बदलली तर मागणी किती टक्क्यांनी बदलते. दुसऱ्यावर आकडा : किंमत १० टक्क्यांनी वाढून मागणी ४ टक्क्यांनी घटली, तर लवचिकता किती? उत्तर, चिन्ह सोडून, ०.४. तिसऱ्यावर त्याचा परिणाम : अशा स्थितीत विक्रेत्याचे एकूण उत्पन्न वाढेल की घटेल? मागणी अलवचीक असल्यामुळे ते वाढेल. चौथ्यावर कारण : ज्या औषधाला पर्याय नाही, त्याची किंमत वाढली तरी मागणी फारशी का घटत नाही? ही चार उत्तरे प्रत्येकी काही सेकंदांत देता येतात, आणि आठवले की नाही याबद्दल संदिग्धता उरत नाही.

परिच्छेदाचे असे तुकडे करताना विद्यार्थ्याला ठरवावे लागते की यातले महत्त्वाचे काय आणि भरताड काय. शाळेत हे काम धड्याखालचा स्वाध्याय करून देत असे. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकातील चाळीस पानांच्या प्रकरणातून किंवा तासाभराच्या व्याख्यानातून प्रश्न स्वतः शोधणे हे नवे कौशल्य आहे, आणि माझ्या मते उजळणीच्या वेळापत्रकाइतकाच हाही अँकीचा फायदा आहे. म्हणूनच दुसऱ्यांनी बनवलेले कार्डसंच आयते उतरवून घेण्याबाबत मी साशंक आहे. परकीय भाषेचा शब्दसंग्रह किंवा शरीररचनाशास्त्रातील नावे यांसाठी ते चालतात, कारण तिथे निवडीला फारसा वाव नसतो. इतर विषयांत आयता संच म्हणजे कोणीतरी वेगळ्या प्राध्यापकाच्या वेगळ्या व्याख्यानातून काढलेले प्रश्न असतात. वहीचे छायाचित्र देऊन यंत्राकडून कार्डे बनवून घेणे आता सहज शक्य झाले आहे. त्यात वेळ वाचतो हे खरे, पण ज्या विचारासाठी हा खटाटोप करायचा, नेमका तोच वाचवला जातो.

कार्डांचे दोन प्रकार नवख्यांनी अवश्य शिकून घ्यावेत. ‘क्लोझ’ प्रकारात वाक्यातील एखादा शब्द झाकला जातो आणि गाळलेली जागा भरायची असते. व्याख्या आणि नियम यांसाठी तो सोयीचा आहे. ‘इमेज ऑक्लूजन’ या प्रकारात आकृतीवरील नावे झाकता येतात. हृदयाच्या आकृतीत डावे अलिंद आणि डावे निलय यांमधील द्विदल झडपेचे नाव झाकून विचारले, की आकृती नुसती बघत बसण्याने जे साधत नाही ते दोन दिवसांत साधते.

आता ओझ्याविषयी. नव्याने स्थापित केलेल्या अँकीत रोज २० नवी कार्डे आणि २०० उजळण्या अशी मर्यादा ठरलेली असते, आणि उजळण्यांची मर्यादा नव्या कार्डांच्या किमान दहापट असावी असे सॉफ्टवेअर स्वतःच सुचवते. या प्रमाणाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. पहिल्या आठवड्यात २० कार्डे म्हणजे काहीच नाही असे वाटते, म्हणून ती ४० केली जातात, आणि महिन्याभराने रोज शेकडो उजळण्या समोर उभ्या राहतात. आज घातलेले प्रत्येक कार्ड हे पुढच्या अनेक दिवसांवर टाकलेले काम आहे, हे ध्यानात घेऊन सर्व विषय मिळून रोज दहा-बारा नवी कार्डे पुरेशी मानावीत. व्याख्यान झाले त्याच दिवशी ती करावीत. आठवड्याची कार्डे रविवारी एकदम करू म्हणणारा विद्यार्थी रविवारी वहीतील स्वतःचेच त्रोटक शब्द लावत बसतो.

एक तांत्रिक चूक मी पुष्कळांच्या हातून होताना पाहिली आहे. उत्तर आठवले नाही, तरी ‘अगेन’ दाबणे जिवावर येते, म्हणून ‘हार्ड’ दाबले जाते. अँकीच्या लेखी ‘हार्ड’ म्हणजे आठवले, पण कष्टाने. विसरलेल्या कार्डांवर ‘हार्ड’ दाबत राहिले की एफएसआरएसचा अंदाज बिघडतो आणि न येणारी कार्डे लांबच्या तारखांना जाऊन बसतात. संशय असेल तेव्हा ‘अगेन’ आणि ‘गुड’ या दोनच बटणांवर काम चालवावे.

आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अँकी आपणहून ‘लीच’ अशी खूण करते. या खुणेचा अर्थ बहुधा असा असतो की ते कार्ड वाईट लिहिले गेले आहे किंवा त्यामागची संकल्पनाच समजलेली नाही. अशी कार्डे नवव्यांदा घोकण्यापेक्षा त्यांची यादी करून प्राध्यापकांना भेटावे. ‘मला हा धडा समजला नाही’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मदत करणे अवघड असते. या चार प्रश्नांवर मी अडतो, असे सांगणाऱ्याला दहा मिनिटांत मार्ग दाखवता येतो. प्राध्यापकांना भेटायला संकोचणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी हा अँकीचा अनपेक्षित उपयोग आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. गणितात सीमेची व्याख्या कार्डावर ठेवता येते, पण ती वापरून उदाहरण सोडवणे कागदावरच शिकावे लागते, आणि दीर्घ निबंध लिहिणे किंवा दोन लेखकांच्या युक्तिवादांची तुलना करणे यांना कार्डांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. ज्यांच्या अभ्यासक्रमात लेखनाला अधिक भार आहे, त्यांनी अँकीवर रोज पंधरा मिनिटांहून अधिक वेळ घालवू नये. वैद्यक, जीवशास्त्र, भाषा आणि कायदा यांच्या विद्यार्थ्यांना मात्र त्याची सर्वाधिक गरज भासेल. उद्यावर आलेल्या परीक्षेसाठी ते आज स्थापित करण्यात काहीच अर्थ नाही.

सॉफ्टवेअरचे रूप रूक्ष आहे. पर्यायांचे पान उघडले की नवखा माणूस गोंधळतो, आणि जोडणीची शेकडो ॲड-ऑन पाहून अभ्यासाऐवजी सजावट सुरू होते. पहिल्या सत्रात एकही ॲड-ऑन घेऊ नये. संगणक आणि फोन यांवरील कार्डे अँकीवेब या मोफत सेवेतून जुळवता येतात, परंतु दोन्हींकडे वेगवेगळा साठा असेल तर कोणता ठेवायचा असे विचारले जाते आणि दुसरा पुसला जातो. म्हणून उत्तर देण्यापूर्वी संगणकावरील संच निर्यात करून बाजूला ठेवावा. अँड्रॉइडवरील अँकीड्रॉइड स्वयंसेवकांनी बनवलेले असून मोफत आहे. आयफोनवरील आवृत्ती विकत घ्यावी लागते, आणि तिच्या विक्रीतून मूळ प्रकल्पाला पैसा मिळत आला आहे. ती घ्यायची नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून उजळणी करता येते. नावात साधर्म्य असलेली इतर ॲप्सही बाजारात आहेत, त्यामुळे अधिकृत संकेतस्थळावरील दुव्यावरूनच जावे.

आजारपणात किंवा घरी गेल्यावर आठवडाभर खंड पडतो आणि परतल्यावर थकलेल्या कार्डांचा आकडा पाहून पुष्कळ जण अँकी कायमचे बंद करतात. तसे करण्याचे कारण नाही. नवी कार्डे शून्यावर आणावीत, रोजच्या उजळण्यांना झेपेल अशी मर्यादा घालावी आणि साठा उतरेपर्यंत आठ-दहा दिवस तसेच चालू द्यावे. रोजच्या सलगतेचे आकडे मिरवण्याला माझ्या लेखी किंमत नाही. सुट्टीच्या दिवशी कार्डे न पाहणारा पण सत्रभर टिकणारा विद्यार्थीच शेवटी पुढे जातो.

सत्र संपल्यावर सगळे संच चालू ठेवू नयेत. पुढच्या वर्षाचा विषय ज्यावर उभा आहे, उदाहरणार्थ रसायनशास्त्राचा पाया किंवा भाषेचे व्याकरण, तेवढाच संच चालू ठेवून बाकीची कार्डे ‘सस्पेंड’ करावीत. ती पुसली जात नाहीत, फक्त समोर येणे थांबते, आणि गरज पडल्यास पुन्हा सुरू करता येतात.